गुलाबावर मिलीबग परत परत येतोय? औषध बदलायच्या आधी मुंग्या बघा, आणि ती मोठी पांढरी अळी मारू नका

मंडळी नमस्कार. आपल्या बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी भागात ज्यांचं दहा-वीस गुंठ्याचं पॉलिहाऊस आहे आणि आत डच गुलाब आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. गेल्या महिन्याभरात चार जणांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, आणि तोच प्रश्न मी स्वतः दोन वर्षं डोक्यावर घेऊन फिरत होतो. मिलीबगला, म्हणजे पिठ्या ढेकणाला, औषध मारलं की पंधरा-वीस दिवस झाड स्वच्छ दिसतंय आणि मग परत त्याच बेडवर, त्याच कोपऱ्यात पांढरा कापूस. परत औषध, परत कापूस. दुकानदार दरवेळी नवीन बाटली देतोय, प्रत्येक बाटली आधीच्यापेक्षा महाग, आणि बंच बांधायच्या वेळी बघावं तर पानावर चिकटा, चिकट्यावर काजळी, देठाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण. असला माल बेळगावच्या फूलबाजारात नेला की दर पडतोच, लग्नाची तिथी असली तरी पडतो.

माझं पॉलिहाऊस मार्कंडेय नदीच्या अंगाला आहे, वीस गुंठे, लाल आणि पिवळा डच गुलाब. मिलीबग पहिल्यांदा दिसला तो गेटजवळच्या दोन बेडवर, आणि नंतर कितीही वेळा साफ केला तरी सुरुवात तिथूनच व्हायची. ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला पाहिजे होती. कीड जर दरवेळी एकाच जागेवरून सुरू होत असेल तर बाटलीत काय आहे ह्यापेक्षा त्या जागेत काय आहे ते बघायला पाहिजे.

औषध का लागू पडत नाही ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मिलीबगच्या अंगावर जे पीठ दिसतंय ते मेण आहे, पाणी त्याच्यावरून घसरून जातंय. मादी आपली अंडी कापसासारख्या पिशवीत घालते, एका पिशवीत तीनशे-चारशे, कधी त्याहून जास्त, आणि त्या पिशवीच्या आत औषध जातच नाही. वरच्या मोठ्या माद्या मेल्या की आपल्याला वाटतंय संपलं, पण आठवड्याभरात पिशवीतून बारीक पिवळसर-गुलाबी पिल्लं बाहेर पडतात, ती डोळ्याला नीट दिसत पण नाहीत, आणि महिन्याभरात ती परत मोठी. त्यात आपण गुलाबाला बेंडिंग करतो, वाकवलेल्या फांद्यांचा खाली जो दाट पाला असतोय त्याच्या आत नोझल कितीही फिरवा, फवारा पोचत नाही. मिलीबगला तेच पाहिजे, सावली, दाटी आणि कुणी हात न लावणारी जागा.

आता माझी खरी चूक. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी चार-सहा दिवस बेड बघत होतो तर वाकवलेल्या फांदीवर नेहमीपेक्षा मोठे, लांब लांब पांढरे धागे असलेले किडे दिसले, अर्ध्या इंचापर्यंतचे. मला वाटलं की मिलीबगची कुठली तरी नवीन मोठी जात आली, आणि इतका घाबरलो की संध्याकाळपर्यंत थांबलोच नाही, दुपारीच पंप लावून जे कडक औषध घरात होतं ते मारलो. दुसऱ्या दिवशी ते मोठे किडे सगळे खाली मेलेले. मी खूश. तीन आठवड्यांनी मिलीबग आला तो आधीच्या दुप्पट, गेटपासून पार मधल्या बेडपर्यंत.

ते मोठे पांढरे किडे मिलीबग नव्हतेच. ते मिलीबग खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी होती. हे मला अथणीकडच्या एका द्राक्षवाल्या मित्रानं सांगितलं, मी त्याला मोबाइलवर फोटो दाखवलो तर त्यानं कपाळाला हातच लावला. द्राक्षवाले ह्या भुंगेऱ्याला विकत घेऊन बागेत सोडतात आणि मी फुकट आलेले मारून टाकलो होतो. ती गोष्ट आठवली की अजून वाईट वाटतंय. म्हणूनच एवढं लिहायला बसलोय.

ह्या भुंगेऱ्याचं नाव क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझायरी. आपण क्रिप्टो म्हणूया. लेडीबर्डच्या, म्हणजे ढालकिड्याच्या घराण्यातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्या देशात तो १८९८ साली कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी आणला होता, त्या किडीवर त्याचा काही उपयोग झाला नाही पण दक्षिणेत मिलीबग खात खात तो इथलाच होऊन गेला. त्याच्याही आधी १८९१ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात संत्रा-लिंबाच्या बागेतल्या मिलीबगसाठी नेला होता. म्हणजे सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त दिवस हा किडा माणसासाठी काम करतोय, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो दिसला तरी ओळखता येत नाही.

ओळखायचं कसं ते नीट वाचा, कारण सगळा घोळ इथंच होतोय. मोठा भुंगेरा सोपा आहे, जेमतेम चार मिलिमीटर, पाठ काळपट तपकिरी, डोकं-मान आणि पाठीचं मागचं टोक नारिंगी. त्याच्यावर ठिपके नसतात, त्यामुळं लोकांना तो लेडीबर्ड वाटतच नाही. अळी मात्र हुबेहूब मिलीबगचं सोंग घेते, अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या. फरक असा की मिलीबग तीन-चार मिलिमीटरचा असतोय आणि अळी पूर्ण वाढली की तेरा मिलिमीटरपर्यंत जाते. मिलीबगचं पीठ सारखं बसलेलं असतंय, अळीच्या झिपऱ्या लांब, विस्कटलेल्या, कापडाची दशी सुटल्यासारख्या. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे गवताच्या काडीनं हळूच हलवा. मिलीबग जागचा फारसा हलत नाही, सोंड रुतवून बसलेला असतोय, आणि अळी पाय टाकत चालायला लागते. दहापट मोठं दिसणारं भिंग शे-दोनशे रुपयात मिळतंय, ते खिशात ठेवा, औषधाच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त आहे.

माझ्याकडं काम करणाऱ्या बायांना मी आता हे शिकवलोय. एक मावशी आता माझ्याआधी ओळखतात, "दादा, ही चालणारी हाय, हिला ठेवूया" म्हणतात आणि फांदी बाजूला वळवून पुढं जातात.

आणि मुंग्यांचं पण त्याच मावशींनीच दाखवलं. "दादा, औषध झाडावर माराल्यासा, पण ह्या मुंग्या कुठनं चढाल्यात ते बघा की" म्हणाल्या. बघितलो तर गेटच्या खांबाच्या बुडाशी वारूळ, तिथून ड्रिपच्या लॅटरलवरनं, म्हणजे ठिबकच्या नळीवरनं, सरळ रांग, बेडवर, खोडावर, थेट कापसापर्यंत. गेटजवळच सुरुवात का होते ते त्या दिवशी कळलं. मिलीबग झाडाचा रस पितो आणि जादा साखर चिकट्यासारखी बाहेर टाकतो, मुंग्या ती खातात, आणि त्या बदल्यात मिलीबगची राखण करतात. कुठला भुंगेरा किंवा बारीक गांधीलमाशी जवळ आली की तिला हुसकावून लावतात. क्रिप्टोची अळी त्या मेणामुळं मुंग्यांपासून बऱ्यापैकी वाचते पण अंडी घालायला आलेला भुंगेरा टिकत नाही. म्हणून मी सांगतो, मुंग्यांची रांग चालू असताना विकतचे भुंगेरे सोडणं म्हणजे पैसे मातीत. आधी मुंग्या.

मुंग्यांना पावडर टाकू नका. पावडरीनं वरच्या चार मुंग्या मरतात, वारूळ तसंच राहतंय, आणि ती पावडर भुंगेऱ्यालाही मारते. मी जे केलो ते असं: एक लिटर पाणी, शंभर ग्राम साखर, दहा ग्राम बोरिक ॲसिड, नीट विरघळवायचं, बाटलीच्या बुचात कापूस ठेवून त्यावर ओतायचं आणि रांगेच्या बाजूला ठेवायचं. बोरिक दहा ग्रामपेक्षा जास्त घालू नका, जास्त झालं तर मुंगी वाटेतच मरते, आपल्याला ती पाणी घेऊन वारुळात जायला पाहिजे आणि आतल्या सगळ्यांना पाजायला पाहिजे. पहिल्या दिवशी मुंग्या वाढल्यासारख्या दिसतील, घाबरू नका. माझ्याकडं दहा-बारा दिवसात रांग तुटली. दर दोन-तीन दिवसांनी कापूस ओला करायचा, आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं, कोंबड्या तिकडं जाणार नाहीत एवढं सांभाळायचं. खोडाला, खांबाला चिकट पट्टी पण लावता येते पण गुलाबाच्या बेडला शंभर फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात, पट्टी किती लावणार.

आता भुंगेरे सोडायचं. इथं तीन गोष्टी चुकल्या की सगळं फुकट जातंय, आणि पहिल्या वेळी माझ्या दोन चुकल्या.

पहिली म्हणजे आधीच्या औषधाचा अंमल. लॅम्डा, सायपरमेथ्रिन असली पायरेथ्रॉइड औषधं पानावर दोन-अडीच महिने भुंगेऱ्याला त्रास देत राहतात. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉसचं पण तसंच. बुप्रोफेझिन मिलीबगसाठी चांगलं म्हणून देतात, ते मोठ्या भुंगेऱ्याला फारसं करत नाही पण अळीची कात टाकायची प्रक्रियाच बिघडवते, मग पुढची पिढी होत नाही. त्यामुळं आज कडक औषध आणि पुढच्या आठवड्यात क्रिप्टो असं जमत नाही. मधल्या काळात काय करायचं? जास्त भरलेल्या फांद्या कापून बाहेर काढा, उरलेल्यावर पोटॅशियम साबणाचं पाणी जोरात मारा, साबण ओला असतानाच काम करतोय, वाळला की भुंगेऱ्याला धोका नाही. पावसाळ्यात आपल्याकडं हवेत ओल भरपूर असते तेव्हा व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी पण चांगलं काम करते, संध्याकाळी मारायची, आणि त्या आठवड्यात बुरशीनाशक मारायचं नाही, नाहीतर आपणच आपली बुरशी मारणार.

दुसरी म्हणजे हवामान. क्रिप्टोला बावीस ते अठ्ठावीस डिग्री आवडतंय. सोळा-सतराच्या खाली गेलं की तो नुसता बसून राहतो, तेहतीसच्या वर गेलं की खाणं-शोधणं कमी करतो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र किती गार असते ते सांगायला नको, आणि एप्रिलमध्ये पॉलिहाऊसच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतंय. म्हणून माझा अनुभव, गणपती झाले की दिवाळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, आणि दुसरा मोका फेब्रुवारी-मार्च. व्हॅलेंटाइनच्या मालासाठी आपण डिसेंबरच्या शेवटी कटिंग घेतो, तेव्हा मिलीबग दिसला म्हणून घाईनं भुंगेरे मागवू नका, त्या थंडीत काम होत नाही. त्याच्या आधी ऑक्टोबरमध्येच सोडून मोकळं व्हायचं.

तिसरी म्हणजे सोडायची वेळ आणि जागा. मी पहिल्यांदा सकाळी दहाला डबा उघडलो, सगळे उजेडाकडं उडाले, छताला जाऊन चिकटले, आणि बाजूचे पडदे वर होते तिथून निम्मे बाहेर. सोडायचं ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पडदे खाली करून, आणि सगळ्या पॉलिहाऊसमध्ये शिंपडायचं नाही, जिथं कापूस आहे त्याच झाडाच्या आत, वाकवलेल्या पाल्यात, हातानं ठेवायचं. मादी आपलं अंडं मिलीबगच्या अंड्याच्या पिशवीतच घालते, म्हणून कापूस पूर्ण साफ करून मग भुंगेरे सोडले तर त्यांना अंडी घालायला जागाच राहत नाही. थोडा कापूस राहू द्या. मला हे मनाला पटायला वेळ लागला, कीड मुद्दाम ठेवायची म्हणजे काय, पण ते खरं आहे. अळी मिळाली तर अजून चांगलं, तिला पंख नाहीत, ती उडून जात नाही, आणि अंडी-पिल्लं ती भुंगेऱ्यापेक्षा जोमानं खाते, एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी पिल्लं फस्त करते.

किती सोडायचे? द्राक्षाला हेक्टरी पाच हजार भुंगेरे अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी दोन हजार. मी वीस गुंठ्याला हजार आणलो, दोन हप्त्यात, पंधरा दिवसांच्या अंतरानं, आणि त्यातले बहुतेक गेटकडच्या बेडवर. पहिले दोन आठवडे काहीच फरक दिसणार नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या चालणाऱ्या झिपऱ्या अळ्या दिसायला लागतात, हाच तो क्षण आहे जेव्हा माणूस घाबरून पंप काढतो. काढू नका. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतोय, सव्वा-दीड महिन्यात कापूस सुकून नुसती जळमटं उरली की समजायचं काम होतंय. ह्या काळात खालची जुनी पानं काढायची घाई करू नका, कोष बऱ्याच वेळा तिथंच पानाखाली असतात.

क्रिप्टो एकटाच नाही हे पण सांगतो. हिरवा पारदर्शक पंखांचा क्रायसोपा नावाचा मित्रकिडा आपल्याकडं सगळीकडं आहे, त्याची अंडी पांढऱ्या दोऱ्याच्या टोकावर उभी असतात, ती पुसून काढू नका. त्याच्या काही जातींच्या अळ्या खाल्लेल्या किडीची सालं पाठीवर घेऊन फिरतात, कचऱ्याचा गोळा चालल्यासारखं दिसतंय. आणि एक फुलपाखरू आहे, स्पाल्गिस इपियस, बारकं करड्या रंगाचं, त्याची अळी पाला खात नाही, मिलीबग खाते. त्याच्या कोषावर माकडाच्या तोंडासारखा चेहरा दिसतोय, पहिल्यांदा मुलीनं मला दाखवलं तेव्हा दोघंही किती वेळ बघतच बसलो. पॉलिहाऊसपेक्षा बाहेरच्या जास्वंदीवर, पपईवर तो जास्त सापडतो.

मिलीबग तपकिरी, फुगीर, कडक होऊन पिंपासारखा दिसला आणि त्याला एक गोल भोक असलं तर तो परोपजीवी, म्हणजे त्याच्याच अंगात वाढणाऱ्या, बारीक गांधीलमाशीनं मारलेला आहे, त्याला ममी म्हणतात. ह्या माश्या जातीनुसार असतात, कपाशीवरच्या मिलीबगची वेगळी, पपईवरच्या मिलीबगची वेगळी. पपईचा मिलीबग आपल्या देशात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला, आणि २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये नावाची माशी आणून सोडली तेव्हा तो आटोक्यात आला. गुलाबावर तीन-चार जातींचे मिलीबग येऊ शकतात म्हणून एकाच माशीच्या भरवशावर राहता येत नाही, क्रिप्टो मात्र फार चोखंदळ नाही. कापलेल्या फांद्यांवर ममी दिसल्या तर लगेच जाळू नका, बारीक जाळीच्या पिंजऱ्यात पॉलिहाऊसच्या बाहेर पण जवळ ठेवा, माशी जाळीतून बाहेर येते, मोठा मिलीबग आतच वाळून मरतो. मिलीबगची बारीक पिल्लं जाळीतून निसटू शकतात, म्हणून पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा.

लाल कोळी आणि थ्रिप्ससाठी काय मारायचं हा प्रश्न सगळे विचारतात, आणि बरोबर विचारतात, कारण मिलीबगसाठी भुंगेरे ठेवले म्हणून बाकीची कीड थांबत नाही. माझा नियम असा की भुंगेरे काम करत असतील त्या बेडवर कडक काही नाही, निळे-पिवळे चिकट सापळे, नीम, आणि अगदीच झालं तर फक्त वरच्या शेंड्याला, कळ्यांना फवारा, वाकवलेला खालचा पाला कोरडा. भुरीची बहुतेक औषधं भुंगेऱ्याला चालतात, तरी एका बेडवर मारून दोन दिवस बघून मगच पुढं.

आणि बाहेरची साफसफाई. माझ्या गेटच्या बाहेर जास्वंदीचं मोठं झाड होतं, त्याच्या खाली गाजर गवत, दोन्हीवर मिलीबग. बाया तिथंच साड्यांचे पदर खोचून आत यायच्या, एकच कटर सगळ्या बेडला. मिलीबगची मादी उडत नाही, ती आपल्या कपड्यावरनं, कटरवरनं, क्रेटवरनं आणि मुंगीच्या तोंडातून जाते. आता गाजर गवत काढलोय, कीड लागलेल्या बेडचं काम दिवसाच्या शेवटी, त्याचा कटर वेगळा. जास्वंद मात्र ठेवलोय, घरात पूजेला फुलं लागतात आणि त्याच्यावर आता क्रिप्टो राहतोय.

भुंगेरे कुठं मिळतात ते विचारतील म्हणून सांगतो, बेंगळूरला हेब्बाळची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था ह्याच विषयात काम करते. जवळ बघायचं तर बैलहोंगल तालुक्यातलं मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र, गोकाकजवळचं अरभावीचं बागायत कॉलेज आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ, तिथं फोन करून आधी विचारा, कारण जिवंत किडा आहे, वर्षभर तयार नसतो. कन्नड नीट येत नसेल तरी बिनधास्त विचारा, मी मराठी-कन्नड मिसळूनच बोललो आणि समोरच्यांनी नीट समजावून सांगितलं.

आणि घरी पण वाढवता येतात. डांगर घ्यायचं, म्हणजे लाल भोपळा, खोल रेघा असलेला, देठासकट, पिकलेला पण कुठं मार न लागलेला. धुऊन, कार्बेन्डॅझिमच्या पाण्यात बुडवून, जखमेवर मेण लावून वाळवायचं, त्यावर मिलीबगची पिल्लं सोडायची, दोन-तीन आठवड्यात डांगर पांढरं झालं की जाळीच्या पेटीत भुंगेऱ्याच्या पाच-दहा जोड्या. पेटीचे पाय पाण्याच्या वाटीत, मुंग्यांसाठी. पॉलिहाऊसपासून लांब ठेवायचं हे विसरू नका. माझी पाच डांगरं सध्या मोटारीच्या खोलीत फळीवर आहेत, दोन सडली, तीन चांगली आहेत, त्यातल्या एकावर काल अळ्या चालताना दिसल्या. दसऱ्यापर्यंत भुंगेरे निघतील, पहिले गेटजवळच्या बेडवर सोडणार, उरले तर जवळच्या कुणाला पाहिजे असतील त्यांनी संध्याकाळी डबा घेऊन या, पण येताना मुंग्यांची रांग तुटलीय का ते आधी बघून या.